आधी बातमी आणा, बायोडेटा नंतर

वाचकांचे प्रश्न : पत्रकारितेत शिरायचं कसं?

निकालांचा मोसम आला की या सदराच्या टपालात एकच प्रश्न निरनिराळ्या अक्षरांत येऊन पडतो. संपादकांनी यंदाचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला, कारण माझी सगळी नोकरी मुंबईतल्या मराठी दैनिकांत झाली. मुद्रितशोधक म्हणून आत आले, वृत्तसंपादक म्हणून बाहेर पडले. पत्रं लांबलचक होती, ती कापली आहेत. सवय जात नाही. नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : मी टीवाय बी.कॉम.ला आहे. बाबा रिक्षा चालवतात. नात्यात कुणीही पत्रकार नाही. मास मीडियाच्या खासगी कॉलेजची फी ऐकून आई गप्पच झाली. शिवाय सगळे म्हणतात, ओळखीशिवाय पेपरात घेतच नाहीत. हा नाद सोडून देऊ का?
(विद्यार्थिनी, भांडुप)

नको सोडूस. ओळखीबद्दल लोक सांगतात ते खोटं नाही, पण ती ओळख मामा-काकांची नसते. पेपरातली जागा बहुतेक वेळा अचानक रिकामी होते. कुणी चॅनेलमध्ये जातं, कुणाची बदली होते, कुणी कंटाळून जनसंपर्काच्या नोकरीत शिरतं. मग मुख्य वार्ताहर आपल्याच माणसांना विचारतो, 'कुणी पोरगं-पोरगी आहे का नजरेत?' जाहिरात देऊन, अर्ज मागवून, मुलाखती घ्यायला त्याच्याकडे सवड नसते. त्या वेळी पूर्व उपनगरं बघणाऱ्या बातमीदाराच्या तोंडी तुझं नाव यायला हवं. बाबा काय करतात याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तू त्याला आधी काय पाठवलं होतंस, एवढंच त्याच्या लक्षात असतं.

काय पाठवायचं? तू भांडुपची आहेस, तिथूनच सुरू कर. पालिकेच्या एस विभागाचं कार्यालय तुझ्या भांडुपातच, लालबहादूर शास्त्री मार्गावर आहे. भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी, पवई एवढा मुलूख तिथून चालतो. मोठ्या पेपरांच्या बातमीदाराला मुलुंडपासून मानखुर्दपर्यंत धावायचं असतं, त्याचं तिथं रोज येणं होत नाही. तू आठवड्यातली एक सकाळ तिथं घालव. नोटीस बोर्ड वाच. शिपायाशी, आवक-जावक विभागातल्या कारकुनाशी नीट बोल. सहायक आयुक्त बदलून जातात, ही माणसं वर्षानुवर्षं तिथंच असतात.

एक उदाहरण देते. पावसाळ्याच्या तोंडावर पालिका 'सी-१' इमारतींची यादी काढते, म्हणजे अतिधोकादायक, रिकाम्या करून पाडायच्या अशा. यादी सगळीकडे छापून येते आणि तिथंच संपते. त्यातली तुझ्या विभागातली एखादी इमारत निवड आणि जिना चढून वर जा. अजून किती बिऱ्हाडं राहताहेत? का निघत नाहीत? भाडेकरू आहेत की मालक? मधल्या काळात कुठं राहायचं, त्याचं भाडं कोण देणार, परत याच जागी घर मिळेल असं कुणी कागदावर लिहून दिलंय का? एवढं विचारून खाली उतरलीस की तुझ्या हातात जे असेल ते यादी छापणाऱ्या कुणाहीकडे नसेल.

दुसरं, आपल्या बीटचे, म्हणजे बातमीदाराला नेमून दिलेल्या विषयाचे, आकडे तोंडपाठ हवेत. मुंबईला पाणी देणारे सातही तलाव काठोकाठ भरले की साठा होतो १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. पालिका बघणारा बातमीदार हा आकडा झोपेतसुद्धा सांगेल, कारण पावसाळाभर साठ्याची टक्केवारी त्याच्यावरून निघते आणि १ ऑक्टोबरला किती साठा जमला यावर पुढच्या वर्षाची कपात ठरते. त्यातलं पुष्कळसं पाणी तुझ्याच भांडुपच्या संकुलात शुद्ध होतं. तिथून सुरुवात करायला काय हरकत आहे?

तिसरं, माहितीचा अधिकार. कायदा २००५ चा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा, अर्ज एकाच विषयाचा आणि महाराष्ट्रात १५० शब्दांच्या आतला, उत्तराची मुदत ३० दिवस. 'आमच्या भागातील रस्त्यांची माहिती मिळावी' असा अर्ज केलास तर माहिती विस्तृत आहे, कार्यालयात येऊन पाहावी, असं ठरलेलं उत्तर येईल. 'अमुक रस्त्याच्या दुरुस्तीसाठी अमुक वर्षात दिलेल्या कार्यादेशाची आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत द्यावी' असं लिहिलंस की समोरचा अधिकारी खुर्चीत जरा सरळ बसतो. कागदाचं नाव घेऊन कागद मागायचा.

हे जमवलंस की 'मा. संपादक' करून ईमेल टाकू नकोस. भांडुप-मुलुंडच्या बातम्यांवर ज्याचं नाव येतं त्या बातमीदाराला गाठ. एखादा तुझी माहिती उचलून स्वतःच्या नावावर छापेल. पहिल्यांदा सोडून दे. दुसऱ्यांदा तेच झालं तर माणूस बदल, मुंबईत पेपर पुष्कळ आहेत.

आणि कोर्स? करता आला तर कर, पण खासगी संस्थेच्या फीसाठी कर्ज काढू नकोस. मुंबई विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग आहे, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेत मराठी पत्रकारितेची पदव्युत्तर पदविका आहे. कोर्सचा मोठा फायदा इंटर्नशिपचा. तिथं तुला कुणी काम देईल याची वाट बघत बसू नकोस. बाकी तुझं बी.कॉम. वाया गेलंय असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. पालिकेचा अर्थसंकल्प साधारण फेब्रुवारीच्या सुरुवातीला येतो. त्या संध्याकाळी महसुली खर्च कुठला, भांडवली कुठला आणि राखीव निधीतून किती उचललेत, हे कुणाला न विचारता कळणारी माणसं ऑफिसात फार थोडी असतात.

प्रश्न : बारावीनंतर कुरिअरचं काम करतो. आमच्या वस्तीतल्या पाण्यावर बातमी लिहून दोन पेपरांना पाठवली. छापली नाही, उत्तरही नाही. सोबत जोडली आहे. काय चुकलं?
(वाचक, पूर्व उपनगर)

तुझी सुरुवात अशी आहे : 'येथील नागरिकांना गेल्या अनेक दिवसांपासून भीषण पाणीटंचाईचा सामना करावा लागत असून प्रशासनाच्या भोंगळ कारभारामुळे नागरिकांमध्ये संतापाची लाट उसळली आहे. वारंवार तक्रारी करूनही प्रशासनाने डोळेझाक केल्याने लवकरच तीव्र आंदोलन छेडण्याचा इशारा देण्यात आला आहे.'

व्याकरणाची एकही चूक नाही. 'असून' बरोबर जागी आहे. हे सगळं तू आमच्याकडूनच शिकलास, आम्ही वर्षानुवर्षं हेच छापत आलो. अडचण अशी की वस्तीचं नाव बदललं तर हाच मजकूर दहिसरलाही चालेल आणि कुलाब्यालाही. डेस्कवरच्या, म्हणजे आलेल्या बातम्या तपासून पानात लावणाऱ्या, माणसानं दुसऱ्या ओळीला ती बाजूला ठेवली असणार.

तू पत्रात नंबर दिला होतास, म्हणून मी फोन केला. आपलं बोलणं इथं देते, इतरांच्या उपयोगी पडेल.

'पाणी किती वाजता यायचं?'
'पहाटे साडेपाचला. तास-सव्वा तास असायचं.'
'आणि आता?'
'चारला येतं. वीस मिनिटं. तेही बारीक.'
'कधीपासून?'
'गणपती गेले ना, त्याच्यानंतर.'
'चारला उठतं कोण?'
'पोरं. मोठी माणसं रात्रपाळी करून आलेली असतात. पोरांना शाळा दुपारची आहे, म्हणून त्यांनाच उठवतात.'
'वारंवार तक्रारी कुठं केल्या?'
'नगरसेवकाच्या ऑफिसात जाऊन सांगितलं.'
'लेखी?'
'नाही, तोंडी.'
'आंदोलनाचा इशारा कुणी दिला?'

इथं तू जरा थांबलास. मग म्हणालास, 'तसं लिहितात ना शेवटी, म्हणून लिहिलं.'

बघ, पाच मिनिटांत तू फोनवर बातमी सांगितलीस आणि कागदावर मात्र ती लिहिली नाहीस. मी असं लिहिलं असतं : 'नळाला पहाटे चारला पाणी येतं आणि वीस मिनिटांत जातं, म्हणून या वस्तीतली शाळकरी मुलं साडेतीनचा गजर लावून झोपतात. गणेशोत्सवापर्यंत इथं साडेपाचला पाणी यायचं आणि तासभर टिकायचं. वेळ का बदलली, हे रहिवाशांना कुणी सांगितलेलं नाही.'

यात 'भीषण' नाही, 'तीव्र' नाही, संताप तर कुठंच नाही. वाचणाऱ्याला तो आपसूक येईल.

पण हीसुद्धा अजून छापायच्या लायकीची नाही. आता कामाला लाग. एका पहाटे चारला स्वतः नळावर उभा राहा. एक हंडा भरायला किती वेळ लागतो ते मोबाइलवर मोज. आणखी दोन गल्ल्यांत जाऊन विचार, कारण तुझ्या एकट्या गल्लीतली वाहिनी तुंबलेली असू शकते आणि मग बातमी वेगळी होते. मुलांशी त्यांच्या आईवडिलांसमोर बोल आणि त्यांना विचारूनच नाव वापर. वॉर्ड ऑफिसात पाणी खात्याच्या अभियंत्याला गाठ : गळती आहे, व्हॉल्व्ह बिघडलाय, की वेळापत्रकच बदललंय? कदाचित त्याचं उत्तर पटण्यासारखं असेल. ते तसंच्या तसं लिही. तो भेटला नाही तर कोणत्या दिवशी किती वाजता विचारलं ते लिही, 'अधिकाऱ्यांशी संपर्क होऊ शकला नाही' एवढ्यावर भागवू नकोस. रहिवाशांना एक लेखी अर्ज करायला सांग आणि पोच घ्यायला सांग. पोच हाती आली की 'तक्रार केली' हे वाक्य उभं राहतं.

महत्त्वाचं वर ठेव. पानावर जागा कमी पडली की डेस्क बातमी खालून कापतं, जाहिरात आली तर अर्धी जाते. आंदोलनाचा इशारा अगदी असलाच तर तळाला.

वस्तीचं नाव मी मुद्दाम गाळलं आहे. बातमी तुझी आहे, आधी तुझ्या नावानं छापून येऊ दे.

प्रश्न : माझं यूट्यूबवर स्वतःचं न्यूज चॅनेल आहे, सबस्क्रायबर चांगले आहेत. एक संस्था २,५०० रुपयांत प्रेस कार्ड आणि चॅनेलची आरएनआय नोंदणी करून देते म्हणते. घ्यावं का? बाइकवर 'प्रेस' लिहिलेलं चालतं का? आम्ही कमी नाही. मागच्या महिन्यात आमच्याकडच्या शाळकरी मुलीच्या छेडछाडीची बातमी सगळ्यांच्या आधी मी दिली, तिच्या इमारतीखालून लाइव्ह केलं होतं.
(वाचक, कुर्ला)

शेवटच्या वाक्यापासून सुरू करते. तो व्हिडिओ आत्ता काढून टाका. हे उत्तर पुढं नंतर वाचा.

काढलात? आता ऐका. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याच्या कलम २३ नुसार अशा मुलाची किंवा मुलीची ओळख कळेल असं काहीही माध्यमांना देता येत नाही. नुसतं नाव गाळून भागत नाही; पत्ता, फोटो, घरच्यांची माहिती, शाळा, शेजारपाजार, हे सगळं त्यात येतं. शिक्षा सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. तुम्ही इमारत दाखवलीत म्हणजे त्या गल्लीतल्या प्रत्येकाला मुलगी दाखवलीत. 'सगळ्यांच्या आधी' आलात खरे, पण बाकीचे मागं राहिले याचं कारण त्यांना कायदा माहीत होता असंही असू शकतं.

कार्डाचं. ती संस्था तुम्हाला टोपी घालते आहे. आरएनआय म्हणजे वृत्तपत्रांची नोंदणी, आणि तो नियतकालिकांचा विषय आहे. १८६७ चा जुना कायदा जाऊन प्रेस आणि नियतकालिक नोंदणीचा २०२३ चा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला. यूट्यूब चॅनेलची नोंदणी त्यात होत नाही, तेव्हा तुम्हाला मिळणारा कागद भिंतीवर लावण्यापलीकडं उपयोगाचा नाही. ऑनलाइन बातम्यांना २०२१ चे माहिती-तंत्रज्ञान नियम लागतात. त्यात आचारसंहिता आहे, तक्रार निवारणाची जबाबदारी आहे. ते वाचा, केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत.

सरकारी कार्ड म्हणजे अधिस्वीकृती पत्रिका. ती माहिती व जनसंपर्क महासंचालनालय देतं, अनुभव आणि कामाचे पुरावे बघून, समितीमार्फत. विकत मिळत नाही. आणि हेही सांगते, बिनअधिस्वीकृतीचे कितीतरी उत्तम बातमीदार मी पाहिलेत आणि पत्रिका गळ्यात अडकवून फक्त पत्रकार परिषदांच्या जेवणांना येणारेही पाहिलेत.

बाइकवरच्या 'प्रेस'ला कायद्यात काही वजन नाही. हवालदाराला ते ठाऊक असतं. हेल्मेट घाला.

तुम्हाला इतकं बोलले कारण तुमच्याकडं खरं तर चांगली जागा आहे. कुर्ल्यात काय चाललंय हे रोज सांगणारं माणूस लोकांना हवंच आहे. फक्त कुणी दुकानदार, बिल्डर 'जरा आमची पण बातमी करा' म्हणून पाकीट पुढं करेल तेव्हा हात मागं घ्या. एकदा घेतलेलं पाकीट सगळ्या एरियाला कळतं. तुम्हाला वाटतं कुणी पाहिलं नाही.

प्रश्न : वय ३४. विमा कंपनीत दावे विभागात आहे. कॉलेजात असताना लिहायचो, मग राहूनच गेलं. आता फार उशीर झाला का?
(वाचक, विरार)

वयाचं म्हणाल तर आचार्य अत्रे मुळात शाळामास्तर. 'नवयुग' साप्ताहिक त्यांनी चाळिशी पार केल्यावर काढलं आणि 'मराठा' दैनिक १९५६ मध्ये, म्हणजे वयाच्या ५८ व्या वर्षी. पण अत्र्यांचं उदाहरण द्यायला सोपं आहे, घ्यायला अवघड. त्यापेक्षा नारायण मेघाजी लोखंडे बघा. रेल्वेत नोकरी केली, टपाल खात्यात केली, मग मुंबईत मांडवीच्या कापडगिरणीत स्टोअरकीपर झाले. १८८० मध्ये तिशी ओलांडल्यावर त्यांनी 'दीनबंधू' हे साप्ताहिक हाती घेतलं. कामगार किती तास राबतात, आठवड्याची सुट्टी का नसते, हे त्यांना कुणाला जाऊन विचारावं लागत नव्हतं, गिरणी आतून पाहिलेली होती. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली, १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. पेपरात शिरण्याआधीची नोकरी हाच त्यांचा अभ्यासक्रम होता.

तुमच्याकडं दावे विभाग आहे. कुठल्या कलमावर बोट ठेवून दावा नाकारतात, 'आधीपासूनचा आजार' म्हणजे नेमकं काय धरतात, रुग्णालयाचं बिल आणि मंजूर रक्कम यांत तफावत का पडते, विमा लोकपालाकडं कधी जावं, हे सोप्या मराठीत लिहू शकणारी माणसं पुरवण्यांना हवी असतात. आपल्या कंपनीची कागदपत्रं, ग्राहकांची नावं यांना मात्र हात लावू नका. नोकरी जाईल आणि ते योग्यच होईल.

नोकरी सोडू नका. निदान आत्ताच नको. सुरुवातीचा पगार आईवडिलांच्या घरी राहणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलाला पुरतो, हप्ता भरणाऱ्या गृहस्थाला नाही. आधी सुट्टीच्या दिवसांत लिहा, साप्ताहिकांना द्या, मानधन उशिरा येईल हे धरून चाला. पदवी-पदविका हवीच असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून करता येते. आणि विरारहून चर्चगेटपर्यंत रोज उभं राहून प्रवास करता ना? त्या डब्यात वसई-विरारच्या बातम्या सकाळी सकाळी फुकट मिळतात. कान उघडे ठेवा, हेडफोन काढा.

प्रश्न : मुलगा एका पेपरात क्राइम बघतो. रात्री अडीच-तीनला घरी येतो. नुकतीच त्याच्यावर एका ठिकाणी धक्काबुक्की झाली. पगार सांगायची लाज वाटते. त्याला समजवा.
(आई, लालबाग)

त्याला समजवणार नाही, पण तुमच्या काळजीला वेडी म्हणणार नाही. २०११ मध्ये क्राइम बातमीदार जे. डे यांना पवईत भर दिवसा गोळ्या घातल्या. क्राइम बघणाऱ्या प्रत्येकाच्या घरी ती बातमी आजही आठवते. २०१७ मध्ये विधिमंडळानं पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा मंजूर केला, असा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून धक्काबुक्की झाली की 'चालायचंच' न म्हणता त्याच दिवशी तक्रार नोंदवायला सांगा, आणि ऑफिसला लेखी कळवायला सांगा.

बाकी त्याला दोनच गोष्टी विचारा. नेमणूकपत्र हातात आहे का, पीएफ कापला जातो का? आणि रात्रपाळीला ऑफिसची गाडी घरी सोडते का? दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर त्यानं पेपर बदलावा. पत्रकारिता बदलायची गरज नाही. मुलगे आईला यातलं काही आपणहून सांगत नाहीत, विचारावं लागतं.

तो अडीचला येतो तेव्हा जेवण झाकून ठेवा आणि झोपा. तुम्ही जाग्या राहिलात तर त्याला घरी यायलाच संकोच वाटतो. माझ्या आईला हे पटायला बरीच वर्षं गेली.

थोडक्यात

इंग्रजी किती यावं लागतं? : बोलता नाही आलं तरी चालेल, वाचता आलंच पाहिजे. उपसंपादकाच्या परीक्षेत हमखास एजन्सीची इंग्रजी बातमी मराठीत करायला देतात. मिलियन म्हणजे १० लाख आणि बिलियन म्हणजे १०० कोटी, इथंच निम्मी मुलं घसरतात. रोज एक बातमी मराठीत करा आणि दुसऱ्या दिवशी चांगल्या मराठी पेपरातल्या त्याच बातमीशी ताडून बघा.

टायपिंग? : युनिकोड इन्स्क्रिप्ट शिका. फोनवर बोलून टाइप करणाऱ्यांच्या कॉपीत 'जामीन'चं 'जमीन' झालेलं मी पाहिलं आहे, तेही मथळ्यात.

वेबसाइटच्या डेस्कवर नोकरी मिळते आहे, घेऊ का? : घे. आज बहुतेक मुलं त्याच दारानं आत येतात. पण वर्ष झालं आणि अजून खुर्चीत बसून दुसऱ्यांच्याच बातम्या फिरवतोयस असं दिसलं, तर बीट माग. नाही दिलं तर आठवड्याच्या सुट्टीला स्वतःच बाहेर पड.

टीव्हीवर अँकर व्हायचंय : आधी टिकर, म्हणजे पडद्याखाली सरकणाऱ्या ओळी, लिहायला बस. तीस-पस्तीस अक्षरांत बातमी मावते का ते तिथं कळतं. दिवे आणि मेकअप नंतर.

एआयमुळे नोकऱ्या जातील का? : प्रेसनोटची बातमी करणारे कमी लागतील, लागतच आहेत. सी-१ इमारतीचा जिना चढणारे अजून कमीच पडताहेत.

पत्रकारांना नाटकाची तिकिटं फुकट मिळतात का? : हा प्रश्न दादरहून एका काकांचा आहे. नाट्यसमीक्षकाला मिळतात, बाकीच्यांना नाही. समीक्षकालाही परीक्षण वेळेत द्यावं लागतं आणि नाटक पडेल असेल तर मध्यंतरात उठून जाता येत नाही. तुम्ही तिकीट काढूनच जा काका, मनाला येईल तेव्हा उठता येईल.